बोटॉक्स, फिलर, लेझर: आधी क्लिनिक तपासा

पहिला प्रश्न: सुई कोण टोचणार? पाटीवर एका डॉक्टरचं नाव आणि टोचणारा भलताच, असं सर्रास चालतं. टोचणाऱ्याचाच नोंदणी क्रमांक मागा आणि वैद्यकीय परिषदेच्या यादीत स्वतः शोधा. भिंतीवरचं ‘सर्टिफाइड’ प्रमाणपत्र मशीन विकणाऱ्या कंपनीचंही असू शकतं; तो परवाना नव्हे.

बोटॉक्सचं इंजेक्शन तुमच्या डोळ्यांदेखत भरलं पाहिजे. व्हायल, म्हणजे औषधाची छोटी बाटली, फ्रिजमधून, 2 ते 8 अंश सेल्सिअसमधून निघावी. लेबलावरचं नाव, लॉट क्रमांक आणि मुदत यांचा फोटो काढा. हे नसेल तर पुढे तक्रारीला आधारच उरत नाही. 100 युनिटच्या व्हायलमध्ये 2.5 मिली सलाइन घातलं तर 0.1 मिलीत 4 युनिट येतात, 5 मिली घातलं तर फक्त 2. म्हणून ‘कपाळाचा भाव’ विचारू नका, युनिट विचारा. तेही कोणत्या ब्रँडचे ते विचारा, कारण बोटॉक्सचं आणि डिस्पोर्टचं युनिट सारखं नसतं.

फिलरमध्ये, म्हणजे त्वचेखाली भराव घालणाऱ्या इंजेक्शनमध्ये, गाठीपेक्षा रक्तवाहिनी तुंबण्याची भीती मोठी. नाक आणि भुवयांमधली जागा सर्वांत जोखमीची. त्वचा पांढरीफटक पडते, मग निळसर जाळी उमटते. बऱ्याच फिलरमध्ये बधिर करणारं लिडोकेन असतं, त्यामुळे दुखेलच असं नाही. रंगावर नजर ठेवा. बोटानं दाबून सोडा: रंग दुसऱ्या बाजूपेक्षा उशिरा परतला तर तिथेच थांबवायचं. फिलर विरघळवणारं औषध हायलुरोनिडेज आत्ता, याच खोलीत आहे का, हे आधीच पाहून घ्या. ‘मागवता येईल’ हे उत्तर म्हणजे नाही. ते फक्त हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर विरघळवतं, कॅल्शियमचं नाही. नजर अंधुक झाली तर क्लिनिकमध्ये वाट पाहत बसू नका, तडक नेत्रविभाग असलेलं रुग्णालय गाठा.

लेझरनं केस काढताना सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्यच ऊर्जा शोषतं आणि त्वचा भाजते. 1064 नॅनोमीटर तरंगलांबीचं एनडी-याग लेझर अशा त्वचेला 755 च्या अलेक्झांड्राइट लेझरपेक्षा सुरक्षित. आधी छोट्या जागेवर चाचणी हवीच. नुकतंच ऊन लागलं असेल तर तारीख पुढे ढकला. गॉगलवर छापलेली तरंगलांबी मशीनशी जुळते का तेही बघा. साधा काळा चष्मा कामाचा नाही.

संमतीपत्र घरी नेऊन वाचायला मागा. भूल देणारं क्रीम चोपडून झाल्यावर ते सहीला पुढे केलं, तर क्रीम पुसून उठा.