गावाच्या कामासाठी सेक्शन ८ कंपनी काढताय? आधी हे ठरवून घ्या

हल्ली कोकणात बऱ्याच गावांत हा विषय निघतो. कुठे कासवांची घरटी राखायची असतात, कुठे खाडीतली कांदळवनं, कुठे सड्यावरची कातळशिल्पं, मग पर्यटक यायला लागतात, पैसा येतो आणि तो कुणाच्या खात्यात जमा करायचा यावरून गावकीत वाजतं. मग कुणीतरी म्हणतं कंपनी काढूया. जरूर काढा, पण कुठली आणि कशासाठी ते आधी सगळ्यांसमोर बोलून घ्या.

विलायतेत अशा कामासाठी २००५ पासून कम्युनिटी इंटरेस्ट कंपनी हा वेगळा प्रकारच आहे, धंदा करायचा पण मालमत्ता समाजाच्या कामालाच बांधलेली, आणि वर्षभरात समाजासाठी काय केलं ते दरवर्षी लेखी द्यायचं. आपल्याकडे तिच्या सगळ्यात जवळची म्हणजे कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खालची, समाजाच्या कामासाठीची सेक्शन ८ कंपनी. मोठा फरक म्हणजे तिकडे शेअर असलेल्या कंपनीला मर्यादेत डिव्हिडंड देता येतो, इथे सभासदांना नफ्यातला एक रुपयाही वाटता येत नाही. हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा, कारण निम्म्या लोकांच्या डोक्यात कंपनी म्हणजे वर्षाअखेरीला वाटणी असंच असतं. वाटणी हवीच असेल, म्हणजे काजू, कोकम, आंबा एकत्र विकायचा असेल, तर दहा उत्पादक जमवून प्रोड्यूसर कंपनी काढा नाहीतर सहकारी संस्था करा.

होमस्टेवाल्या गावांना माझं सांगणं असतं की खोलीचे आणि जेवणाचे पैसे ज्याच्या त्याच्या घरात जाऊदेत, कंपनीने फक्त पाहुण्यामागे ठरलेली फी घ्यावी आणि त्यातून घरटी राखणाऱ्या पोरांचं मानधन, किनारा सफाई, गाईडचं ट्रेनिंग असा सामाईक खर्च चालवावा.

दुसरं म्हणजे शेअर नकोतच. गॅरंटीवाली कंपनी करता येते, म्हणजे सभासद शेअर न घेता, कंपनी बंद पडली तर ठरलेली रक्कम देण्याची फक्त हमी देतो. ज्या गावात एका सातबारावर वीस-वीस नावं असतात तिथे वारसांच्या वाटणीला आणखी एक गोष्ट कशाला जन्माला घालायची? प्रायव्हेट कंपनीला दोन सभासद आणि दोन डायरेक्टर पुरतात, सभासद जास्तीत जास्त २०० ठेवता येतात.

कागदपत्रं सीए किंवा सीएस (कंपनी सेक्रेटरी) करून देतो, डिजिटल सही, नावाला मंजुरी, कंपनी नोंदणीचा स्पाइस प्लस फॉर्म, पुढच्या तीन वर्षांच्या जमाखर्चाचा अंदाज वगैरे. कोकणात खरी गाडी अडते ती रजिस्टर्ड ऑफिसच्या पत्त्यावर. दोन महिन्यांच्या आतलं लाइट बिल आणि घरमालकाचं संमतीपत्र लागतं, आणि बिल बघावं तर आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन जमाना झाला, घरपट्टीही त्यांच्याच नावाने येते, आणि सही करायला कायदेशीर मालक कोण तर पाच चुलते, त्यातले तीन मुंबईत. म्हणून आधी वाडीत असं घर शोधा ज्याचं बिल आणि घरपट्टी एकाच जिवंत माणसाच्या नावावर आहे. बाहेर कंपनीच्या नावाचा बोर्ड लावावा लागतो, तो मराठीतही पाहिजेच.

उद्दिष्टं लिहिताना घाई करू नका. नंतर एमओए-एओएमध्ये, म्हणजे कंपनीची उद्दिष्टं आणि कारभाराचे नियम लिहिलेल्या कागदांत, बदल करायचा तर सरकारची मंजुरी लागते. कासवं लिहिलीत तर कांदळवन, खाडी, शाळेतल्या मुलांचं निसर्गशिक्षण हेही विचारात घ्या, मात्र गावातला प्रत्येक प्रश्न त्यात कोंबू नका.

आता कारभार. डायरेक्टर प्रत्येक वाडीतून घ्या, मानकरी आणि सरपंच एवढ्यावर थांबू नका, बचत गटाच्या बाया आणि होडीवाले हवेतच, पहाटे किनाऱ्यावर तेच असतात. मीटिंग कायद्याने सहा महिन्यांत एकदा घेतली तरी चालते, पण मी म्हणेन सीझनमध्ये महिन्याला घ्या. मुंबईचे डायरेक्टर व्हिडिओवरून बसू शकतात. बँकेत दोन सह्या ठेवा, आणि त्या दोघांची घरं वेगळी असूदेत. डायरेक्टरची स्वतःची होडी कंपनी भाड्याने घेणार असेल तर त्याने ते आधी लिहून द्यावं आणि भाडं ठरताना उठून बाहेर जावं, रक्कम छोटी असली तरी.

एजीएम, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा, गणपतीतच घ्या! वर्ष ३१ मार्चला संपलं की ३० सप्टेंबरपर्यंत ती व्हावी लागते (पहिल्या वर्षी थोडी जास्त मुदत असते), गणपती बहुतेक त्याच्या आतच येतात आणि चाकरमानी सगळे गावात असतात. सेक्शन ८ ला १४ दिवसांची नोटीस पुरते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळच्या आरतीनंतर देवळाच्या सभामंडपात बसा, हिशेब मराठीत मोठ्याने वाचा, किती घरटी राखली, कुणाला किती मानधन गेलं, शिल्लक किती, सगळं. विलायतेसारखा रिपोर्ट इथे कुणी मागत नाही तरी एक पान लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. अर्थात त्यासाठी ऑडिट आषाढातच उरकलेलं हवं. सभेनंतर ३० दिवसांत एओसी-४ (हिशेबाचा फॉर्म) आणि ६० दिवसांत एमजीटी-७ (वार्षिक विवरणपत्र) भरायचा, उशीर झाला की एकेका फॉर्मला दिवसाला १०० रुपये चढतात, वर्षभर काम झालं नसलं तरी.

सीएसआरच्या, म्हणजे मोठ्या कंपन्या समाजकामासाठी देतात त्या पैशाच्या, भरवशावर सुरुवात करू नका. त्यासाठी आयकर खात्याची नोंदणी (१२ए-८०जी म्हणतात ती) लागते आणि अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभवही दाखवावा लागतो, तेव्हा पहिली तीन वर्षं गावाची वर्गणी, मुंबई मंडळाची मदत आणि पाहुण्यांची फी यावरच काढायची तयारी ठेवा.

आणि कुणी भावनेच्या भरात जागा किंवा होडी कंपनीला बक्षीस द्यायला निघालं तर त्याला थांबवून नीट सांगा की कंपनी बंद झाली तर उरलेली मालमत्ता सभासदांना परत मिळत नाही, ती तशाच कामाच्या दुसऱ्या सेक्शन ८ कंपनीकडे जाते किंवा विकली जाऊन पैसा सरकारी फंडात जातो. ते मान्य असेल तर घरच्यांच्या सह्या घेऊन खुशाल देऊदे, नाहीतर मुदतीचा भाडेकरार करा.