जीपीएस बसवायला शिकताय? सिमच्या आधी अर्थ बघा

"भाऊ, गाडी दिसूनच नाही राहिली." या कामात पडलात की हा फोन येणारच. नवीन पोरगा धावत जातो, सिम काढून पुसतो, परत टाकतो, अ‍ॅपच्या नकाशावर गाडी दिसायला लागते आणि तो घरी येतो. आठ दिवसांनी तोच फोन. मग टॉवरला दोष, मग कंपनीला दोष, शेवटी डिव्हाइस बदलून दिलं जातं. नवं डिव्हाइस काही महिने छान चालतं, त्यामुळे जुनंच खराब होतं यावर सगळ्यांचा विश्वास बसतो. बहुतेक वेळा ते खराब नसतं. खराब असतो तो काळ्या वायरचा अर्थ, म्हणजे अर्थिंग, गाडीच्या बॉडीशी असलेला जोड. यावर मी खाली लांबलचक लिहिणार आहे. बाकीचं झरझर उरकतो, कारण मल्टिमीटर धरता येतो आणि लाल-काळी-इग्निशन या तीन वायरी तुम्हाला माहीत आहेत, असं मी धरून चालतो.

आधी गिऱ्हाइकाला कोणतं डिव्हाइस लागतं ते विचारा. काळी-पिवळी, टॅक्सी, बस अशा प्रवासी गाडीला पासिंगसाठी हवं असेल तर साधा ट्रॅकर चालत नाही. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक सेवा वाहनांना एआयएस-१४० (ट्रॅकरचं सरकारी मानक) चं डिव्हाइस आणि इमर्जन्सी बटण लागतं (रिक्षा यातून वगळल्या आहेत), आणि त्याची नोंद 'वाहन' या सरकारी पोर्टलवर व्हावी लागते. साधा ट्रॅकर लावून "चालून जाईल" म्हणणाऱ्या डीलरच्या नादी लागू नका. आरटीओतून गाडी परत आली की मालक डीलरला नाही, तुम्हाला शोधतो. कापूस, संत्रा, कोळसा, सिमेंट वाहणाऱ्या मालकाला स्वतःच्या देखरेखीसाठी हवं असेल तर साधं डिव्हाइस पुरतं. फक्त ते टूजी आहे की फोरजी, हे डबा फोडायच्या आधी बघा. जिओचं टूजी नेटवर्कच नाही, त्यामुळे टूजी डिव्हाइसमध्ये जिओचं सिम कितीही पुसून टाका, चालणार नाही.

लाल वायर. छोटा हत्ती आणि बोलेरो पिकअप १२ व्होल्टच्या, मोठे ट्रक आणि टिप्पर २४ व्होल्टचे. ९ ते ३६ व्होल्टचं डिव्हाइस दोन्हीकडे चालतं, म्हणून २४ व्होल्टच्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्यांच्या मधून १२ व्होल्ट काढू नका. तसं केलं की एक बॅटरी रोज थोडी जास्त उतरते, अल्टरनेटर मात्र दोन्हींना मिळून २८ व्होल्टच्या आसपास चार्ज देतो, आणि दुसरी बॅटरी ओव्हरचार्ज होऊन मरते. फ्यूज १ किंवा २ अँपिअरचा, आणि तो डिव्हाइसजवळ नाही, जिथून वायर घेतली तिथून वीतभराच्या आत. मधली वायर घासून चेसिसला लागली तर तिला वाचवणारा दुसरा कोणी नाही. पॉवर बॅटरी कट-ऑफ स्विचच्या आधीची घ्या, नाहीतर रात्री ड्रायव्हरने स्विच फिरवला की गाडी नकाशावरून गायब. पण मग स्लीप मोड (गाडी उभी असताना डिव्हाइसने झोपणं) चालू आहे ना, हे तपासलंच पाहिजे. जागं डिव्हाइस ५० मिलिअँपिअर खात असेल तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात. जिनिंगचा हंगाम संपल्यावर दोन महिने उभ्या राहणाऱ्या ट्रकची बॅटरी त्यात पार झोपते.

इग्निशनची वायर शोधताना तीन वेळा मोजा: चावी बंद असताना शून्य, चावी चालू असताना पूर्ण व्होल्टेज, आणि स्टार्टर फिरत असतानाही व्होल्टेज टिकलेलं. तिसऱ्या वेळी शून्यावर गेली तर ती टेपची (गाणी वाजवायच्या सिस्टिमची) लाइन आहे, सोडून द्या. बीएस-सहा गाडीत बल्बवाला टेस्ट लॅम्प वापरू नका. ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) बारीक वायरीला बल्बचा करंट झेपत नाही. मल्टिमीटरच वापरा.

आता काळी वायर. घरच्या वायरिंगमधून या कामाकडे वळणाऱ्यांनी इथे थांबून नीट वाचा. घरच्या अर्थच्या वायरमधून एरवी करंट वाहत नाही, त्यामुळे ती ढिली असली तरी पंखा फिरतो. गाडीत लालमधून गेलेला सगळाच्या सगळा करंट काळ्यातून बॉडीत आणि बॉडीतून बॅटरीत परत येतो. ही परतीची वाट अर्धी बंद असेल तर डिव्हाइस अर्धपोटी चालतं.

नवीन माणूस काय करतो? डॅशबोर्डखाली हाताला लागेल तो स्क्रू ढिला करतो, काळी वायर गुंडाळतो, मीटर कंटिन्युइटीवर ठेवतो, बीप वाजते, काम झालं. ही बीप खोटी आहे. कंटिन्युइटीला मीटर जेमतेम मिलिअँपिअरमध्ये करंट सोडतो. वायरीची एकच तार टेकलेली असली, मध्ये गंज असला, रंगाचा थर जरासाच खरवडलेला असला, तरी बीप वाजते. डिव्हाइसला मात्र डेटा पाठवताना क्षणभर बराच जास्त करंट लागतो. टूजी मॉडेम (डिव्हाइसमधला डेटा पाठवणारा भाग) त्या क्षणी आपल्या चार व्होल्टच्या बाजूला २ अँपिअरपर्यंत ओढतो, म्हणजे १२ व्होल्टच्या बाजूला पाऊण अँपिअरच्या आसपास. त्यात तोच स्क्रू हेडलाइटच्या अर्थचाही असेल तर रात्री त्यातून नऊ-दहा अँपिअर वाहतात. जोडात ०.२ ओहमचा अडथळा असला तरी २ व्होल्ट तिथेच गेले. सकाळी थंड बॅटरीवर स्टार्टर मारताना १२ व्होल्टचे १० होतात, त्यातून आणखी दोन वजा करा. डिव्हाइसची खालची मर्यादा ९ आहे.

आता हे लगेच का दिसत नाही? कारण डिव्हाइसच्या पोटात छोटी बॅटरी असते. बाहेरचं व्होल्टेज पडलं की ती सांभाळून घेते, आणि तुमचा कच्चा अर्थ झाकला जातो. मग आपला उन्हाळा येतो. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो, बंद काचांच्या केबिनमध्ये डॅशबोर्ड त्याहून कितीतरी तापतो, आणि एक-दोन उन्हाळ्यांत ही बॅटरी फुगते नाहीतर मरते. त्या दिवसापासून प्रत्येक झटक्याला डिव्हाइस रीस्टार्ट होतं. नवं डिव्हाइस लावलं की नवी बॅटरी पुन्हा काही महिने झाकून घेते. डिव्हाइस बदलल्यावर "ठीक झालं" असं वाटण्याचं कारण हेच.

टॉवरला दोष का जातो, तेही समजून घ्या. सिग्नल कमजोर असेल तिथे मॉडेम जास्त ताकदीने पाठवतो, म्हणजे जास्त करंट ओढतो. त्यामुळे कच्च्या अर्थचं डिव्हाइस नेमकं धारणी-चिखलदऱ्याच्या घाटात किंवा भामरागडच्या रस्त्याला दगा देतं, आणि अमरावतीत, नागपुरात बरं चालतं. मालक म्हणतो रेंज नाही, तुम्हीही म्हणता रेंज नाही. फरक ओळखायचा कसा? रेंज गेली असेल तर डिव्हाइस पोझिशन साठवून ठेवतं (एआयएस-१४० मध्ये किमान ४०,००० नोंदी साठवायची सोय असते) आणि रेंजमध्ये आल्यावर सगळ्या पाठवतं. नकाशावरची रेघ उशिरा का होईना, भरून निघते. अर्थ कच्चा असेल तर ती रेघ कायमची तुटलेली राहते आणि अलर्टमध्ये "पॉवर कट", "पॉवर रिस्टोअर" अशा जोड्या दिसतात. सिमला हात लावायच्या आधी हा रिपोर्ट उघडा.

अर्थ घ्यायचा तो कंपनीने दिलेल्या अर्थ बोल्टवर, जिथे चार-पाच वायरी रिंगने एकत्र कसलेल्या दिसतात. त्यातही हेडलाइटचा बोल्ट टाळा. पत्रा लखलखीत होईपर्यंत घासा, वायरीला नीट क्रिंप केलेली (पक्कडीने दाबून बसवलेली) रिंग लावा, खाली दातेरी वॉशर टाका, कसा, आणि वरून पेट्रोलियम जेली लावा म्हणजे पावसाळ्यात गंज धरणार नाही. दाराची बिजागरी, स्टिअरिंगचा ब्रॅकेट, प्लास्टिकमध्ये घुसलेला स्क्रू, यातलं काहीही नको. पुढे झुकणारी केबिन असलेल्या ट्रकमध्ये जास्तच सांभाळा. ती केबिन रबरावर बसलेली असते आणि चेसिसशी तिचं विजेचं नातं एका विणलेल्या पट्टीवर असतं. वणी-घुग्घुसच्या कोळशाच्या धुळीत ती पट्टी सडली की आख्ख्या केबिनचा अर्थ कच्चा, मग तुमचा बोल्ट कितीही चकचकीत असो.

खरी तपासणी अशी. मीटर २० व्होल्ट डीसीवर. काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाच्या शिशावर, क्लॅम्पवर नाही. लाल प्रोब डिव्हाइसच्या काळ्या वायरीवर. आता हेडलाइट, हॉर्न, वायपर चालू करा, आणि मग स्टार्टर मारायला सांगा. लोडवर ०.१ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. स्टार्टर मारताना थोडं वाढेल, पण अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेलं तर वाट कुठेतरी तुटते आहे. प्रोब एकेक जोड पुढे सरकवत या, जिथे आकडा उडी मारतो तिथे दोष. दोन मिनिटांचं काम आहे. ते केल्याशिवाय गाडी सोडू नका.

डिझेल सेन्सर लावत असाल तर त्याचा आणि डिव्हाइसचा अर्थ एकाच ठिकाणी घ्या. काही गाड्यांत कट-ऑफ स्विच निगेटिव्ह वायरमध्ये असतो. डिव्हाइसचा अर्थ थेट बॅटरीवर आणि सेन्सरचा चेसिसवर असला तर स्विच बंद केल्यावर चालू राहिलेल्या दिव्याचा करंट तुमच्या बारीक वायरीतून परत जायला बघतो. वायर जळते, नाहीतर सेन्सर.

घाबरू नका, बाकी सगळं हाताला वळण लागण्याचा भाग आहे. पण हे वळण कुठे लावून घेता याला महत्त्व आहे. माझं ठाम मत: डीलरच्या एका दिवसाच्या ट्रेनिंगपेक्षा तालुक्याच्या गावातल्या जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे तीन महिने हाताखाली राहणं कधीही चांगलं. तो अ‍ॅप शिकवणार नाही, पण हार्नेस (गाडीच्या वायरींचा जुडगा) उघडायला आणि परत बांधायला शिकवेल. मात्र वायर पिळून टेप मारणारा आणि वर "चालते बे" म्हणणारा उस्ताद मिळाला तर दुसरा शोधा. आपल्या रस्त्यांवर पिळलेला जोड एका हंगामात सुटतो. नुसतं सोल्डरिंगही मला पटत नाही. सोल्डर जिथे संपतं तिथे वायर कडक होऊन हादऱ्याने तुटते. क्रिंप करा, वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा, आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना हार्नेसला टाय मारा. वायर किमान ०.७५ चौरस मिलिमीटरची. पावसाळ्यात उभ्या गाडीत उंदीर शिरतात, म्हणून फ्लेक्झिबल पाइप चढवलेला बरा.

रिलेबद्दल, म्हणजे मालकाला लांबून गाडी अडवता यावी म्हणून डिव्हाइसला जोडतात त्या स्विचबद्दल, स्पष्ट सांगतो: चालत्या गाडीचं इंजिन बंद पाडणारी जोडणी करू नका, मालकाने कितीही आग्रह धरला तरी. इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग जातं, ब्रेकचा आधार जातो, आणि मागे सोळा टन माल असतो. चावीकडून स्टार्टर रिलेकडे जाणारी बारीक वायर तोडून त्यात ३० आणि ८७ए या पिना घाला. मग गाडी फक्त पुन्हा चालू होणार नाही. ८७ नाही, ८७ए. ती पिन रिले बंद असतानाच ३० ला जोडलेली असते, म्हणजे डिव्हाइस मेलं तरी गाडी रस्त्यात अडकत नाही. ८६ ला इग्निशन पॉझिटिव्ह, ८५ ला डिव्हाइसचं आउटपुट, दोन्हींमध्ये १एन४००७ डायोड, पट्टीची बाजू ८६ कडे. २४ व्होल्टच्या गाडीला २४ चाच रिले.

डिव्हाइस डॅशबोर्डच्या प्लास्टिकखाली, अँटेनाची बाजू आकाशाकडे, वर पत्रा नको. एसी-हीटरच्या वाटेत आणि अ‍ॅम्प्लिफायरला चिकटून नको. उघड्यावर अर्ध्या-एक मिनिटात फिक्स (उपग्रहांवरून ठरलेली जागा) मिळायला हवा; शेडमध्ये उभं राहून डिव्हाइसला शिव्या देण्यात अर्थ नाही. गाडी साडेपाच तास मागची वेळ दाखवत असेल तर दोष नाही, टाइम झोन भारताचा लावायचा राहिला आहे.

निघण्यापूर्वी ड्रायव्हरला वेल्डिंगचं सांगा, कारण फाळक्याचं काम करायला गाडी तोच नेतो. वेल्डिंगचा करंटही चेसिसमधूनच परत जातो आणि अर्थच्या वाटेने डिव्हाइसमध्ये शिरतो. डिव्हाइसचा प्लग काढायला लावा. डिव्हाइस कुठे आहे हे ड्रायव्हरला कळू नये अशी मालकाची इच्छा असेल तर बॅटरीचे दोन्ही टर्मिनल काढायला सांगा, निगेटिव्ह आधी. वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प जिथे जोड मारायचा त्याच्या शेजारीच लावायचा, केबिनला किंवा इंजिनला नाही. परत जोडताना पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी.