जुन्या लोखंडी सायकलचे पार्ट कुठले, हे ठरवताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या जुन्या घरांत माळ्यावर नाहीतर गोठ्याच्या भिंतीला टेकवलेली रॅले, हर्क्युलस किंवा बीएसए अजून सापडते. "आजोबांची विलायती सायकल" हे घरच्यांचं पहिलं वाक्य. असेलही विलायती. पण नुसत्या नावावरून ते ठरवू नका. सगळ्यात जास्त फसगत इथंच होते.

नावं मूळची इंग्लंडचीच. रॅले नॉटिंगहॅमची, हर्क्युलस आणि बीएसए बर्मिंगहॅमच्या. पण स्वातंत्र्यानंतर ती आपल्याकडेही बनू लागली. १९४९ साली मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स सुरू झाली आणि हर्क्युलस तिथून निघू लागली, पुढे बीएसएही. रॅले बनायची पश्चिम बंगालात, आसनसोलच्या सेन-रॅलेत. म्हणून चेनव्हीलवर, म्हणजे पायडलजवळच्या दातेरी चाकावर, बगळ्याचं डोकं दिसलं तर घराणं रॅलेचं एवढंच कळतं, कारखाना कळत नाही. कारखाना शोधायचा तर हँडलखाली फ्रेमवर ठोकलेल्या बॅजची सगळ्यात खालची, बारीक अक्षरांची ओळ वाचा. बॅजचे रिव्हेट मूळचे आहेत का तेही पाहा, कारण बॅज बदलणं फार सोपं असतं.

एका पार्टवरून अख्ख्या सायकलचा निकाल लावणं ही दुसरी चूक. मागच्या चाकाला स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब (चाकाचा मधला तुंबा) असेल, तर त्याच्या कवचावर 'एडब्ल्यू' आणि आकडे ठोकलेले असतात. '५४ ७' म्हणजे १९५४ सालचा जुलै. ही तारीख हबची. चाक नंतर बदललेलं असू शकतं, आणि ब्रूक्सची चामड्याची सीट तर एका पान्यात निघते. पुढं ३२ आणि मागं ४० आरे ही मोजणीही उपयोगाची नाही, ती विलायती आणि देशी दोन्ही सायकलींत असते.

तिसरी चूक भरून येत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपल्याकडच्या पावसानं गंज चढतोच, आणि माणूस पहिल्यांदा सँडपेपर हातात घेतो. पार्टवर ठोकलेल्या ठशाची अक्षरं उथळ असतात, सँडपेपरबरोबर तीही जातात. क्रोम करायला दिलं तर आधी बफिंग होतं, तिथं उरलेला ठसा पुसला जातो. आधी पार्ट रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, मग पितळी ब्रशनं हलक्या हातानं घासा. पुसून त्यावर खडू फिरवा आणि वरवरचा खडू बोटानं काढून टाका. अक्षरांत अडकलेला खडू पांढरा उठून दिसतो. बॅटरी समोरून न धरता आडवी धरा. जे वाचता येईल त्याचा फोटो काढा, आणि क्रोमचा विचार त्यानंतरच करा.

आता आटे. बीबीचा (बॉटम ब्रॅकेट, पायडलचा आस फिरतो ती जागा) नवा कप, म्हणजे तिथं बसणारी आट्यांची वाटी, एक-दोन फेरे जातो आणि अडकतो, ही नेहमीची तक्रार. रॅलेच्या कपाला इंचाला २६ आटे, बाकी बहुतेक इंग्लिश सायकलींना २४. व्यास जवळपास सारखाच, म्हणून सुरुवातीला बसल्यासारखं वाटतं. जोर लावलात की फ्रेमचे आटे गेले! अर्ध्या इंचात १२ भरतात की १३ ते मोजा. चेनकडचा कप इंग्लिश पद्धतीत उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे घड्याळाच्या दिशेनं फिरवला की सुटतो. आटे सुलटे निघाले तर फ्रेम फ्रेंच किंवा इटालियन पद्धतीची असू शकते.

क्रँकच्या, म्हणजे पायडलच्या दांड्याच्या, मागच्या बाजूलाही काही वेळा ठसा मिळतो, पण त्यासाठी क्रँक आसाला पक्की धरणारी कॉटर पिन काढावी लागते. तिथं तेल सोडून एक दिवस जाऊ द्या. नट पिनच्या टोकाशी समतल येईल इतकाच सैल ठेवा, क्रँकखाली लोखंडी पाईपचा तुकडा उभा करून आधार द्या, आणि मगच हातोडा मारा. आधार नसला तर तो मार सरळ बेअरिंगवर जातो.