समुद्रकिनारी हॉट टबवालं कॉटेज बुक करताय? खान्देशकरांनो, या चुका टाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांकडे सरकला की घरोघरी एकच विषय निघतो: चला कोकणात. हल्ली त्याला एक पुस्तीही जोडलेली असते. कॉटेजला जकुझी पाहिजे, तीसुद्धा प्रायव्हेट. मोबाईलवर फोटो फिरतो, लाकडी डेक, वाफाळतं पाणी, मागे नारळाची झाडं, आणि जागेवरच अ‍ॅडव्हान्स जातो. बहुतेक चुका त्या अ‍ॅडव्हान्सच्या आधीच्या पाच मिनिटांत होतात.

मे महिन्यात गरम टब

कोकण किनाऱ्यावर मेमध्ये तापमान आपल्यापेक्षा दहा-बारा अंशांनी कमी असतं, हे खरं. पण हवा दमट असते, घाम वाळत नाही. आपला उन्हाळा कोरडा, म्हणून कूलर चालतो. तिथे कूलरने उलट चिकचिक वाढते. अशा हवेत ३८ अंशांच्या पाण्यात जाऊन बसायला जादा पैसे कशाला मोजायचे, हे मला तरी कळलेलं नाही.

टबाची खरी मजा हवी असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यातही बहार येते, टबावर छप्पर असेल तर. पण तेव्हा समुद्र खवळलेला, वॉटर स्पोर्ट्स बंद आणि जून-जुलैत मासेमारीबंदी, हे गृहीत धरून निघा. पोरांच्या सुट्ट्यांमुळे किंवा आखाजीला माहेरी आलेल्या बहिणींना घेऊन मेमध्येच जायचं असेल, तर मालकाला स्पष्ट सांगा की हीटर बंद ठेवा, साधं पाणी चालेल.

मेची आणखी एक अडचण कोणी जाहिरातीत लिहीत नाही. एवढा पाऊस पडूनही किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांत एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात. चार-पाच जणांचा टब म्हणजे हजार-बाराशे लिटर पाणी. टँकर विकत घेणारा मालक ते पाणी प्रत्येक पाहुण्यामागे बदलेल, ही आशा धरू नका.

'जकुझी आहे ना?' एवढंच विचारणं

या प्रश्नाला कोणीही 'हो' म्हणतो, आणि खोटंही बोलत नाही. कारण त्या नावाखाली तीन वेगळ्या वस्तू खपतात. एक, बाथरूममधला साधा बाथटब, गीझरच्या पाण्याने भरायचा. दोन, जेट (पाण्याचा जोरदार झोत सोडणारी तोंडं) असलेला पण स्वतःचा हीटर नसलेला टब. तीन, हीटर, पंप, फिल्टर आणि झाकण असलेला खरा हॉट टब. पहिल्या दोघांत २५ लिटरच्या गीझरवर टब भरेपर्यंत आधीचं पाणी निवलेलं असतं.

म्हणून विचारा असं: हीटर किती किलोवॅटचा? झाकण आहे का? पाणी किती लिटर? मालकाला ही उत्तरं येत असतील तर टब वापरात आहे असं समजा.

आता हिशेब बघा. हजार लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण १.१६ युनिट वीज लागते. १२०० लिटर पाणी २६ वरून ३८ अंशांवर न्यायचं तर जवळपास १७ युनिट. तीन किलोवॅटचा हीटर असेल तर साडेपाच तास, तेही झाकण लावून. म्हणजे तुम्ही दुपारी चारला पोचून "भाऊ, टब सुरू करा" म्हणालात, तर पाणी रात्री साडेनऊला तापेल. धुळ्याहून निघताना सकाळीच मालकाला फोन करा. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, हा हीटर नाही. जनरेटर आहे का आणि तो टबाला जोडलेला आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही विचारा.

पाणी न तपासता उतरणं

उनपदेवच्या कुंडावर गेलेल्यांना वाटतं, गरम पाणी म्हणजे चांगलंच. चोपड्याजवळच्या उनपदेवला पाणी जमिनीतून सतत येतं आणि वाहून जातं. टबातलं पाणी तेच ते फिरत राहतं. कोमट पाण्यात क्लोरीन कमी पडलं की जिवाणू वाढतात. सुडोमोनासने अंगावर पुरळ उठतं. लेजिओनेला पाण्याच्या बारीक तुषारांतून फुप्फुसात जातो आणि न्यूमोनिया होऊ शकतो.

तपासणी सोपी आहे. टबाची भिंत पाण्याच्या रेषेखाली बोटाने चोळा. बुळबुळीत लागली तर उतरायचं नाही. तळ स्वच्छ दिसला पाहिजे. नाकाला झोंबणारा क्लोरीनचा वास म्हणजे 'भरपूर औषध टाकलंय' अशी समजूत आहे, ती उलटी आहे. तो वास बहुधा घाम-तेलाशी झुंजून संपलेल्या क्लोरीनचा असतो. टेस्ट स्ट्रिपची डबी ऑनलाइन मिळते, बॅगेत टाका. क्लोरीन किमान ३ पीपीएम आणि पीएच ७ ते ७.८ च्या दरम्यान असलं की झालं. तळाशी पाणी ओढणाऱ्या जाळीचं झाकण तुटलेलं असेल तर टब वापरूच नका, त्यात लांब केस अडकून डोकं पाण्याखाली राहू शकतं.

आणि आपली बाजू: समुद्रातून थेट टबात उडी मारायची नाही. वाळूने फिल्टर चोंदतो, अंगावरच्या तेलाने आणि सनस्क्रीनने क्लोरीन संपतं. आधी साध्या पाण्याने अंघोळ. ओळखीतल्या एका मंडळींनी हौसेने जेट चालू असताना शाम्पू ओतला. दहा मिनिटांत फेस डेकवरून पायऱ्यांवर, तिथून मालकाच्या तुळशीपर्यंत. डिपॉझिट अर्थातच गेलं.

घरातल्या सगळ्यांना एकदम बसवणं

आपल्याकडे सहल म्हणजे दोन गाड्या, चौदा माणसं. चारांच्या टबात आठ बसले की पाणी बाहेर जातं, ते उठले की पातळी घसरते आणि पंप हवा ओढू लागतो. पाळी लावा, पंधरा-पंधरा मिनिटं. पाणी ४० अंशांच्या वर नको. पाच वर्षांखालच्या पोरांना गरम टबात नेऊ नका. गरोदर बाईने आणि हृदयाचा किंवा बीपीचा त्रास असणाऱ्याने आधी डॉक्टरांना विचारावं. शुगरमुळे पाय बधिर झालेल्या आजोबांना चटका कळत नाही, हे घरातल्या धाकट्यांनी लक्षात ठेवायचं. पिऊन टबात बसणं तर नकोच. गरम पाण्याने आधीच रक्तदाब उतरतो, उठताना चक्कर येते.

तिथी न बघता समुद्रावर जाणं

टबाच्या नादात समुद्र विसरतात, ही मला सर्वांत मोठी चूक वाटते. आपण तापी-गिरणेकाठची माणसं, भरती-ओहोटी आपल्या अंगवळणी नाही. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब पाठ करा: तिथीची पाऊणपट. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट म्हणजे पावणेचार, दुपारी आणि पहाटेही त्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला अकरा-बाराच्या आसपास, आणि ती उधाणाची, म्हणजे सर्वांत मोठी. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. वेळ अंदाजे येते, पण दिवस आखायला पुरते. पाणी ओसरू लागल्यावर पोहायला शिरायचं नाही, ओढ आत असते. गाडी वाळूवर न्यायची नाही. चाक रुतलं आणि भरती लागली तर ट्रॅक्टर येईपर्यंत इंजिनात खारं पाणी.

'सी टच' या शब्दावरही विसंबू नका. किनाऱ्यालगतच्या बऱ्याच वाड्यांत नारळ-सुपारी आणि पुढे सुरूचं बन असतं, खोलीतून समुद्र दिसत नाही. नकाशावर सॅटेलाइट चित्र उघडून स्वतः बघा. टबाच्या बाजूला शेजारच्या कॉटेजची गॅलरी तर नाही ना, तेही व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगा. मालक व्हिडिओ कॉल टाळत असेल तर पैसे पाठवू नका.

अंतराचा अंदाज चुकणं

जळगावहून दिवेआगर-श्रीवर्धन पाचशे किलोमीटरच्या पुढे. दोन रात्रींसाठी एवढं जाऊन टबात बसण्याइतकी ताकद उरत नाही, किमान तीन रात्री ठेवा. रेल्वेने जायचं तर मंगला एक्स्प्रेस भुसावळ-जळगावहून थेट कोकण रेल्वेवर, रत्नागिरीला जाते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, ते बघून घ्या. धुळेकरांना नाशिक-त्र्यंबक-जव्हारमार्गे डहाणू-बोर्डी तुलनेने सोपं.

नंदुरबार-नवापूरकडच्यांना सुरतची बाजू जवळ. पण डुमसला पांढरी वाळू शोधू नका, तिथली वाळू काळी आणि ओहोटीला समुद्र खूप आत जातो. दमणला जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: दमणमध्ये दारू चालते, पण येता-जाता गुजरात लागतं आणि तिथे दारूबंदी आहे. डिक्कीत एक बाटली सापडली तरी सहलीचा शेवट पोलीस ठाण्यात होतो.

जेवणाचं बुकिंगच्या वेळीच बोला. घरात माळकरी असतील तर वेगळी भांडी मिळतील का, विचारा. कळण्याचं पीठ सोबत नेलं तर भाकरी थापून देणारी काकू बहुतेक ठिकाणी भेटते.

तिथे गेल्यावर टब चालत नसेल तर

जेटला जोर नाही: आधी पाण्याची पातळी बघा, मग टबाच्या काठावरची हवेची बटणं फिरवा. तरी नाही, तर फिल्टर चोंदलाय. तो काढून नळाखाली धुवायला मालकाच्या माणसाला सांगा.

पाणी तापत नाही: झाकण उघडं राहिलंय किंवा बुडबुड्यांचा ब्लोअर चालू आहे. ब्लोअर गार हवा सोडतो, तापताना तो बंद पाहिजे. पॅनेलवर 'फ्लो'सारखा इशारा दिसला तर पुन्हा फिल्टर किंवा कमी पाणी हेच कारण बहुधा निघतं.

बटण सारखं ट्रिप होतंय: हे मात्र स्वतः करायचं काम नाही. हीटरमधून पाण्यात करंट उतरत असेल म्हणूनही ते पडत असू शकतं. परत परत वर ढकलू नका, सगळ्यांना टबाबाहेर काढा, मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियन येऊन बघेपर्यंत कोणाला पाण्यात हात घालू देऊ नका. टबाचे जादा घेतलेले पैसे परत मागायला लाजू नका. बुकिंग करताना 'टब बंद असेल तर इतके परत' हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतलेलं असेल तर वाद होत नाही.