बॅशमध्ये फाइल ओळीओळीने वाचताय? या चुका टाळा

पश्चिम रेल्वेची पाच स्टेशनं घ्या: चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल. एका ओळीत एक, अशी फाइलमध्ये लिहा आणि बॅशमध्ये, म्हणजे लिनक्सवर कमांड चालवणाऱ्या शेलमध्ये, ‘कॅट’चं (फाइल दाखवणाऱ्या कमांडचं) आउटपुट ‘फॉर’ लूपला देऊन बघा. लूप 5 नव्हे, 9 वेळा फिरतो. ‘मरीन’ वेगळं, ‘लाइन्स’ वेगळं. कारण कोट नसलेलं आउटपुट बॅश प्रत्येक मोकळ्या जागेवर तोडतं. ओळी हव्या असतील तर ‘व्हाइल’ आणि ‘रीड’च वापरा. रीडच्या आधी आयएफएस (ओळ कुठे तोडायची ते ठरवणारं व्हेरिएबल) रिकामं ठेवा, नाहीतर ओळीच्या दोन्ही टोकांच्या स्पेस गळतात. रीडचा वजा आर (-r) हा पर्याय विसरलात तर बॅकस्लॅश गायब.

दुसऱ्या चुकीने माझी एक अख्खी संध्याकाळ घेतली. लूपमध्ये काउंटर वाढत होता. आत एको टाकला की 1, 2, 3, 4, 5 नीट दिसायचं. लूप संपवणाऱ्या ‘डन’नंतरच्या ओळीत मात्र 0! मी गणित तपासत बसलो. गणितात काहीच चूक नव्हती. मी ‘कॅट’चं आउटपुट पाइपने व्हाइलला दिलं होतं, आणि पाइपमधला लूप बॅश सबशेलमध्ये, म्हणजे स्वतःच्या वेगळ्या प्रतीत, चालवतं. तिथे बदललेलं व्हेरिएबल सबशेलबरोबरच संपतं. उपाय छोटा आहे: पाइप काढा, ‘डन’च्या पुढे ‘<’ चिन्ह आणि फाइलचं नाव लिहा. पाचच्या पाच स्टेशनं मोजली जातात.

फाइलमध्ये सर्व्हरची यादी आणि लूपच्या आत एसएसएच (दुसऱ्या मशीनवर कमांड चालवणारा प्रोग्राम) असेल तर आणखी सावध राहा. पहिल्या सर्व्हरवर काम होतं आणि लूप गुपचूप थांबतो, एररही नाही. उरलेल्या ओळी एसएसएचने स्टँडर्ड इनपुटमधून वाचून टाकलेल्या असतात. त्याला वजा एन (-n) द्या.

व्हेरिएबलला किंमत देताना ‘=’च्या आजूबाजूला स्पेस नको, आणि वापरताना डबल कोट हवेतच. सिंगल कोटमध्ये डॉलर नुसता डॉलरच राहतो, व्हेरिएबलची किंमत येत नाही.

सगळं बरोबर लिहूनही फाइल सापडत नाही म्हणतंय? लिनक्सवर ‘कॅट’ला वजा कॅपिटल ए (-A) देऊन यादी बघा; ओळ संपते तिथे ते डॉलर दाखवतं. ओळीच्या शेवटी डॉलरआधी ‘^एम’ दिसलं तर फाइल विंडोजवरून आली आहे. ‘डॉस टू युनिक्स’ (dos2unix) ही कमांड चालवा. शेवटच्या ओळीला डॉलरच नसेल तर तिथे एंटर द्यायचा राहिलाय, आणि तुमचा लूप मुंबई सेंट्रल गाळतोय.