फाल्गुन-चैत्रातील निसर्गनिरीक्षण: या चुका टाळा

माघ सरत आला की पुण्याच्या आसपास काटेसावर फुलू लागते, मागोमाग पांगारा आणि पळस पेटतात, आणि ओळखीपाळखीतून विचारणा सुरू होते की या रविवारी कुठे जायचे. गेली अनेक वर्षे मी नवख्या मंडळींना सिंहगडाच्या पायथ्याची दरी, ताम्हिणी आणि सासवडकडचे माळ दाखवत आलो आहे. दर वर्षी नवी माणसे येतात आणि चुका मात्र त्याच होतात, म्हणून त्या एकदा नीट लिहून काढणे मला आवश्यक वाटते.

पहिली चूक फुलांविषयीची आहे. रानफुले म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे कास पठार उभे राहते, आणि मार्चमध्ये तिथे जाऊन ते निराश होऊन परततात. कासचा बहर ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा असतो. वसंतात तो कातळ कोरडा असतो. आपल्याकडे वसंत फुलतो तो झाडाझुडपांवर. या दिवसांत फुले पाहायची तर मान वर करावी, नाहीतर धायटी, करवंद आणि अंजनीच्या जाळीपाशी थांबावे. रस्त्याकडेची फिकट गुलाबी गिरिपुष्पाची रांग पाहून ‘रान किती फुलले आहे’ असे म्हणू नये, कारण ते झाड मध्य अमेरिकेकडून आणून लावलेले आहे.

दुसरी चूक फुलाचा जवळून फोटो काढून झाड विसरण्याची. लाल फूल एवढ्याच आधारावर पळस, पांगारा आणि काटेसावर यांची सर्रास गल्लत होते. सावरीचे फूल पाच जाड, मांसल पाकळ्यांचे, पेल्यासारखे असते. पांगाऱ्याची फुले फांदीच्या टोकाशी झुबक्याने येतात. पळसाची केशरी पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली असून तिच्या बुडाशी काळपट मखमली पेला असतो. मी नेहमी फुलाबरोबर खोड, काटे आणि खाली पडलेले पान यांचाही फोटो काढतो.

आता ज्या चुकीने मला सर्वाधिक त्रास होतो तिच्याकडे वळतो. लोक थांबत नाहीत. सकाळी दहा किलोमीटर चालायचे, वाटेत दिसेल ते टिपायचे आणि संध्याकाळी यादीचा आकडा सांगायचा, ही पद्धत मला मुळीच मान्य नाही. फुललेल्या एका पळसापासून पंधरा-वीस पावलांवर, ऊन पाठीशी घेऊन, उजाडल्यापासून दीड तास बसून राहावे. जांभळा शिंजीर येतो, फुलाच्या देठाशी पाय रोवून चोच आत घालतो आणि बाहेर येतो तेव्हा त्याचे कपाळ परागांनी माखलेले असते. मग बुलबुल येतात, साळुंक्या येतात, आणि नशीब असेल तर पळसमैनांचा गुलाबी-काळा थवा एकदम उतरतो. हे पाहुणे लवकरच मध्य आशियाकडे निघून जाणार असतात. चालणाऱ्याला यातले उडून जाणारे ठिपके तेवढे दिसतात.

याच घाईतून आवाज ओळखणाऱ्या ॲपवर आंधळा विश्वास ठेवण्याची सवय लागते. एकदा आमच्यातील एका तरुणाने एकाच झाडाखाली उभे राहून शिक्रा, कोतवाल आणि बुलबुल अशी तीन नावे लिहिली होती. झाडावर प्रत्यक्षात एकच हरेवा होता, पानांच्या रंगात लपलेला, आणि तो एकामागून एक इतर पक्ष्यांच्या आवाजांच्या नकला करत होता. ॲपने सुचवलेला पक्षी डोळ्यांनी पाहिल्याखेरीज मी वहीत लिहीत नाही. तेच ॲप किंवा ध्वनिमुद्रण मोठ्याने वाजवून पक्ष्याला जवळ बोलावणे तर पूर्णपणे वर्ज्य मानावे. हा विणीचा काळ आहे. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असे समजून तो पक्षी गाणे, खाणे आणि घरटे सोडून त्या आवाजामागे धावत राहतो.

माळावरचा एक प्रसंग मी विसरू शकत नाही. सासवडच्या पुढे एका माळावर एप्रिलच्या आरंभी मी सात-आठ जणांना घेऊन गेलो होतो. माळटिटवीची जोडी ओरडत घिरट्या घालू लागली, तेव्हाच मी सर्वांना मागे फिरायला सांगायला हवे होते. त्याऐवजी मी पुढच्या वळणावरचे चंडोल दाखवत राहिलो आणि दोघे जण मागे रेंगाळले. त्यांना अंडी सापडली. खड्यांमध्ये केलेला उथळ खळगा, त्यात मातकट रंगाची, काळे डाग असलेली चार अंडी. दोन पावलांवरूनही दिसू नयेत अशी. त्यांनी खाली बसून फोटो घेतले, इतरांना हाक मारली, आणि मी परत येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटे गेली होती. साडेदहा वाजून गेले होते. त्या उन्हात अंडी उबवणे हे टिटवीचे काम नसतेच. ती अंड्यांवर सावली धरून उभी राहते, पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून त्यांना गारवा देते. आम्ही लांब गेलो, तरी ती लगेच परतली नाही. बाभळीवर बसलेला एक कावळा मात्र आमच्याकडे पाहत होता. दुर्बिणीतून मी त्याला खळग्याशी उतरताना पाहिले, आणि तिथवर धावत जाईपर्यंत दोन अंडी फुटली होती.

तेव्हापासून माझा नियम ठरला आहे. टिटवी ओरडली की तिथेच थांबायचे, आलेल्या वाटेने मागे वळायचे आणि अंडी शोधायची नाहीत. मार्चनंतर मी माळावर बैलगाडीची वाट सोडत नाही. धाविक आणि चंडोलही तिथेच जमिनीवर अंडी घालतात. ‘एकच फोटो’ मागणाऱ्याला मी पुन्हा सोबत नेत नाही, मग तो कितीही जवळचा असो.

फुलपाखरांच्या बाबतीत लोक वेळ चुकवतात. पक्ष्यांसाठी पहाटे येतात आणि नऊला नाश्त्यासाठी परततात, तेव्हा नुकती कुठे फुलपाखरे पंख उघडून ऊन खात तापू लागलेली असतात. नऊ ते अकरा या वेळात ओढ्याच्या ओल्या वाळूपाशी बसावे. तिथे नर क्षार शोषण्यासाठी जमतात. ताम्हिणीकडे त्यांच्यात आपले राज्य फुलपाखरू नीलवंतही दिसते. त्या घोळक्यात पाय टाकून थवा उडवणे आणि त्याचा व्हिडिओ काढणे हा निव्वळ दांडगटपणा आहे. पंख चिमटीत धरले तर खवले बोटांना लागतात, ते पुन्हा उगवत नाहीत.

ओळखीतली नेहमीची फसगत बिबळ्या कडवा या फुलपाखराची. रुईवर वाढल्यामुळे तो विषारी असतो आणि पक्षी त्याला टाळतात. छोटा चांदवा या दुसऱ्या फुलपाखराची मादी हुबेहूब त्याचेच रूप घेते, तिची अळी मात्र घोळीच्या भाजीवर वाढते. मागच्या पंखाच्या मध्यावर तीन-चार ठळक काळे ठिपके असतील तर कडवा. ते नसून वरच्या कडेला एकच ठिपका असेल तर चांदव्याची मादी.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. ‘कोकिळा गाते’ असे लिहू नये. गातो तो काळा नर, मादी तपकिरी ठिपक्यांची असते. वीस पटींची दुर्बीण घेऊ नये, हातात ती थरथरते. आठ पटींची पुरते. आंब्यावरचे प्रत्येक बांडगूळ छाटायला सांगू नये, हळदीकुंकू फुलपाखराच्या अळ्या त्यावरच वाढतात. अत्तर लावून येऊ नये आणि धूर करू नये. मोठ्या सावरीवर आणि कड्यांवर आग्यामोहोळ असते, ते उठले तर पळायलाही जागा मिळत नाही. आणि टिपण घरी जाऊन लिहू नये. मी झाडाखालीच तारीख, वेळ आणि पक्षी काय करत होता ते लिहितो. नाव ठाऊक नसेल तर ती जागा कोरी ठेवतो. माझ्या वहीत अशा कोऱ्या जागा पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या काही दोन-तीन वसंतांनंतर भरल्या गेल्या आहेत.