तुकड्यांचा कुर्ता शिवताय? मग या चुका टाळा

आपल्या खान्देशात जुन्या लुगड्यांची गोधडी घरोघरी, त्यामुळे तुकडे जोडणं काय, येतंच की असं वाटतं आणि तसाच कुर्ता शिवायला घेतला की गडबड होते. गोधडीत धावदोऱ्याने सगळे थर धरलेले असतात, कुर्त्यात मात्र सगळा ताण त्या एका शिलाईवर.

टेलरकडची कतरण आणली आणि लगेच मशीनवर, ही सगळ्यात मोठी चूक. त्यात कॉटन, टेरीकॉट (पॉलिस्टर मिसळलेलं कापड) सगळंच असतं. एक धागा काढून पेटवून बघा (सिंकजवळ हं), कॉटन कागदासारखं जळून राख होतं, पॉलिस्टर वितळून कडक गुठळी. दोन्ही एकत्र जोडलं तर पहिल्या धुण्यात कॉटन आटतं, पॉलिस्टर नाही आणि जोडावर चुण्या पडतात. शिवाय मे महिन्यात जळगावच्या उन्हात पॉलिस्टर घालणार कोण? म्हणून कॉटन वेगळं काढा, धुवून इस्त्री करा, आणि लाल-मरून तुकडे आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा, रंग उतरला तर सरळ बाजूला.

मग माप. 4 इंचाचे 8 तुकडे म्हणजे 32 इंच असं धरलं की कुर्ता घट्ट झालाच म्हणून समजा. पाव इंच मार्जिन (शिलाईच्या आत जाणारी कापडाची कड) धरली तरी एका जोडात दोन्हीकडची मिळून अर्धा इंच जाते, 7 जोडांत साडेतीन, हातात राहतात साडेअठ्ठावीस. म्हणून आधी मोठा पट्टा जोडून घ्यायचा, इस्त्री करायची आणि मगच पेपर कटिंग (कुर्त्याचा कागदी साचा) ठेवून कापायचं. विरळ विणीच्या कापडाला पाव इंच पुरत नाही, उसवतं, अर्धा ठेवा.

पट्टा लाटांसारखा झाला तर बहुतेक वेळा एखादा तुकडा उरेब, म्हणजे विणीला तिरका कापलेला, लागलेला असतो. हाताने ओढून बघा, जो जास्त ताणतो तोच. वाफेची इस्त्री नुसती दाबून धरा, सरकवू नका, तरी बसला नाही तर तेवढा उसवून बदला. आणि चार कोपरे जुळतात ती जागा काखेत किंवा गळ्यावर येऊ देऊ नका, तिथे जाड गाठ होते आणि सुई तुटते.

आतून मलमलचं अस्तर लावलं तर जोड टोचत नाहीत, ते नको असेल तर मार्जिनला इंटरलॉक (कडेचे धागे सुटू न देणारी मशीनची शिलाई) मारून घ्या, पिको-फॉलवाल्याकडे होऊन जातं.